जुनी विहीर साफ करून गच्चीचं पाणी तिच्यात सोडून देणारे दोघं भाऊ (नागपूर): काम कसं झालं, खर्च किती, तुम्ही काय बघून घ्यायचं

ज्यांच्या अंगणात जुनी विहीर आहे आणि तिच्यावर पत्रा टाकून कुंड्या मांडून ठेवल्या आहेत त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू मुद्दाम सविस्तर लिहून राहिले. आम्ही प्रतापनगरच्या बाजूला राहतो, लेआउट जुना, विहीर आमच्या आणि शेजारच्या प्लॉटच्या मधल्या भिंतीवर, सामायिक. सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा नळ आला नव्हता, सगळं बांधकाम तिच्याच पाण्यावर झालं. मग नळ आला, बोअर झाली, आणि विहीर पडली ती पडलीच. मागच्या उन्हाळ्यात ती साफ करून घेतली आणि गच्चीचं पावसाचं पाणी तिच्यात सोडलं. काम करणारे दोघं भाऊ आहेत, वडिलांपासून विहिरीचाच धंदा, कंपनी नाही, दुकान नाही, त्यामुळे नाव-नंबर इथे टाकत नाही, पण काम कसं केलं ते सांगते म्हणजे तुमच्या एरियातल्या कोणाकडूनही करून घेताना काय विचारायचं ते कळेल. मधे एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ दिला, मगच लिहायला घेतलं, कारण पाइप नवेकोरे चकचकीत असताना लिहिलेल्या रिव्ह्यूचा कोणाला काही उपयोग नसतो.

आधी हे काम काहून करायचं ते. नागपूरचं नळाचं पाणी मुख्यतः पेंचमधून येतं, तोतलाडोह धरण, मग खाली नवेगाव खैरी, तिथून शहरात, आणि थोडं कन्हान नदीवरून. तेच पेंचचं पाणी शेतीला लागते, वीज केंद्राला लागते, आणि वर मध्य प्रदेशातही चौराईला त्याच नदीवर धरण झालं आहे. म्हणजे आपल्या नळाला पाणी येणं हे आपल्या हातात फारसं नाहीच. २०१९ चा जुलै आठवा, पावसाळ्याच्या महिन्यात शहराला एक दिवसाआड पाणी, लोकांनी बादल्या, ड्रम, पिंप, जे सापडेल ते भरून ठेवलं होतं. आणि मग २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा, काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीमध्ये लोकांच्या बेडरूममध्ये छातीएवढं पाणी. चार-सव्वाचार वर्षांत आपण दोन्ही बघितलं, पाणी नाही म्हणून रडलो आणि पाणी आलं म्हणून रडलो. यातलं प्रत्येक घराच्या हातात जेवढं आहे तेवढं म्हणजे स्वतःच्या स्लॅबवर पडलेलं पाणी रस्त्यावर न सोडणं. आता रस्ते सगळे सिमेंटचे, कित्येक ठिकाणी अंगणापेक्षा उंच, पाणी मुरायला जागा कुठे ठेवली आहे?

हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. आमचा स्लॅब साधारण १२०० चौरस फूट, म्हणजे १११ चौरस मीटर. नागपूरचा वर्षाचा पाऊस हजाराच्या वरच असतो, तरी हजार मिलिमीटरच धरा, आणि त्यातलं वीस टक्के उडून-सांडून जातं असं धरा, तरी नव्वद हजार लिटरच्या जवळपास उरतं. पाच हजार लिटरचे अठरा टँकर! हे पाणी इतकी वर्षं आमच्या पन्हाळीतून थेट नालीत जात होतं आणि मे महिन्यात आम्ही टँकरवाल्याला फोन लावत होतो, हे लिहितानाही जीवाला लागतं.

सुरुवातीला एक रेन वॉटर हार्वेस्टिंगची रेडिमेड किट विकणारे आले होते (नाव घेत नाही). ब्रोशर छान, माणूस बोलायला गोड, आणि त्यांचं म्हणणं असं की विहिरीच्या भानगडीत पडूच नका, गच्चीच्या पाइपला हा फिल्टर लावतो आणि पाणी सरळ बोअरच्या केसिंगमध्ये (बोअरच्या आतल्या पाइपमध्ये) सोडून देतो, एका दिवसात काम. मी विचारलं की पहिल्या पावसाची घाण कुठे जाईल, तर म्हणाले फिल्टर आहे ना मॅडम. आता ऐका, हे फार महत्त्वाचं आहे. विहिरीत पाणी सोडलं तर ते उघडं असतं, दिसतं, वास येतो, गाळ बसतो, उपसून साफ करता येतं. बोअरमध्ये जे गेलं ते गेलं, थेट खोल खडकाच्या भेगांमध्ये, तिथून काढायचा काही उपाय नाही, आणि त्याच भेगांमधून शेजारचे चार बोअर पाणी ओढत असतात. जाळीचा फिल्टर पानं अडवतो, काड्या अडवतो, कबुतराच्या विष्ठेतले जंतू अडवत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, घराशेजारी विहीर असेल तर बोअरमध्ये थेट पाणी सोडूच नये, आणि विहीर नसेल तर आधी शोषखड्डा करावा. त्यांना नाही म्हणून सांगितलं.

मग हे भाऊ मिळाले, आमच्या दूधवाल्याच्या ओळखीतून. मोठा भाऊ आला तो पहिल्यांदा विहिरीकडे गेलाच नाही, गच्चीवर गेला. एक बादली पाणी मागितलं, मधोमध ओतलं आणि उभा राहून बघत बसला की कोणत्या कोपऱ्यात जातं. एका कोपऱ्यात पाणी थबकत होतं, तिथे म्हणाला, "ताई, आधी इथला ढाळ नीट करून घ्या, नाहीतं इथं शेवाळ होईन आन तेच खाली येईन." मग गच्चीवर काय काय आहे ते बघितलं, कुलरचं स्टँड, वाळवण घालायची जागा, कबुतरं कुठे बसतात, जुनं डांबर कुठे लावलेलं आहे. पोर्चच्या पत्र्याचं पाणी घ्यायला साफ नकार दिला, कारण ते गाडी उभी राहते त्या फरशीवरून वाहून येतं आणि ऑइलचे डाग असतात. मी म्हटलं तेवढंच जास्त पाणी मिळेल ना, तर म्हणाला, "जास्तीच्या लालचेत विहीर नासवू नका." त्याच क्षणी काम याच माणसाला द्यायचं ठरवलं.

विहीर साफ करणं हा या कामातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात धोक्याचा भाग आहे, तो सविस्तर सांगते. बंद पडलेल्या विहिरीत तळाशी घाण कुजून वायू साचतो, प्राणवायू कमी होतो, आणि माणूस उतरला की वास यायच्या आत बेशुद्ध पडतो, मग त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो, अशा बातम्या दर उन्हाळ्यात आपण वाचतो. या भावांनी पत्रा काढून विहीर आदल्या दिवसापासून उघडी ठेवायला लावली. सकाळी आले ते ब्लोअर घेऊन, मोठा पाइप तळापर्यंत सोडून बराच वेळ हवा आत मारली, वायू तपासायचं छोटं मशीन दोरीला बांधून खाली सोडून बघितलं, मग लहान भाऊ कमरेला-खांद्याला पट्टा बांधून उतरला आणि वर दोन माणसं दोरी धरून शेवटपर्यंत उभी, चहालासुद्धा हलली नाहीत. डिझेल इंजिन विहिरीत उतरवायचा प्रश्नच नाही, पाणी उपसायला इलेक्ट्रिक पंप वरून. तुमच्याकडे कोणी नुसता कंदील सोडून बघतो म्हणाला आणि दोरीशिवाय उतरायला लागला तर त्याला थांबवा, काम राहिलं तरी चालेल. कंदील विझला नाही म्हणजे हवा चांगली असं नसतं.

गाळ काय निघाला ते बघून मी खरंच हादरले. वर काळा चिखल, त्यात निर्माल्याच्या प्लास्टिकच्या थैल्या, तशाच गाठी मारलेल्या, आत झेंडूचा कुजून लगदा. नारळ. पितळेचा एक लोटा (तो सासूबाईंचा निघाला, त्यांनी ओळखला). आणि त्याच्या खाली गणपतीच्या मूर्ती. एक-दोन नाही, बऱ्याच. पीओपीच्या. एका मूर्तीचा आशीर्वाद देणारा हात अख्खा होता, बोटांवरचा गुलाबी रंग अजून ओला लावल्यासारखा, आतली लोखंडी सळई तेवढी गंजून लालभडक झालेली. माती असती तर कधीच विरघळून गेली असती. हे कोणी बाहेरच्यांनी येऊन टाकलेलं नाही, आपल्याच लेआउटमधल्या घरांनी विहिरीत विसर्जन करू म्हणून वर्षानुवर्षं श्रद्धेने सोडलेल्या मूर्ती आहेत. सासरे बराच वेळ त्या हाताकडे बघत उभे होते, मग म्हणाले की ह्या सगळ्या नीट एका बाजूला ठेवा, चिखलात टाकू नका. भावांनी ते ऐकलं, मूर्ती धुवून पोत्यावर मांडून ठेवल्या, याचं मला फार कौतुक वाटलं. ज्यांच्याकडे विहीर आहे त्यांना हात जोडून सांगणं आहे, मूर्ती चितार ओळीतून मातीचीच आणा आणि घरी टबात नाहीतर आता जागोजागी कृत्रिम टाकी करतात तिथे विसर्जन करा. विहिरीत नको.

गाळ निघाल्यावर तळाचा दगड उघडा पडला आणि पश्चिमेच्या बाजूने झरा सुटला. करंगळीएवढी धार, पण स्वच्छ. लहान भाऊ खालून ओरडून सांगत होता, "जिवंत आहे ताई, विहीर जिवंत आहे!" वरचं अर्धं बांधकाम विटांचं, खाली मुरूम आणि त्याच्या खाली काळा पाषाण. आपल्या नागपुरात पश्चिमेकडे असा काळा दगड आणि पूर्वेकडे गेलं की वेगळाच, जुना स्फटिकासारखा खडक, त्यामुळे नंदनवन-वाठोड्याकडच्या विहिरीचं गणित आमच्यासारखंच असेल असं नाही. काळ्या दगडात पाणी साठायला जागा फार थोडी, वरच्या मुरमात आणि भेगांमध्येच काय ते. म्हणून पाऊस पडला की विहीर भराभर चढते आणि उपसा वाढला की भराभर उतरते. मोठा भाऊ याला एकच वाक्य म्हणत होता, "पाणी तं वरून भरपूर येते ताई, राहाले जागा पाहिजे ना खाली." गाळ काढणं म्हणजे ती जागा आणि तिची दारं मोकळी करणं. गाळ न काढता नुसता पाइप सोडून देणारे बरेच आहेत, त्यांच्याकडून काम घेऊ नका, झरे बुजलेले असतील तर पाणी आत मुरत नाही, विहीर नुसती भरते आणि वरून वाहते.

आता फिल्टर आणि पाइप. इथे सगळे फसतात म्हणून आकडे देते. पहिल्या पावसाचं पाणी, म्हणजे सुरुवातीचे दोनेक मिलिमीटर, ते टाकूनच द्यायचं असतं, त्यात गच्चीवरची वर्षभराची धूळ, पक्ष्यांची घाण, आणि आपल्याकडे कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडून वाऱ्यावर येणारी राख. १११ चौरस मीटरवर दोन मिलिमीटर म्हणजे २२० लिटर. रेडिमेड किटमध्ये यासाठी तीन फुटाचा चार इंची पाइप देतात आणि त्याला फर्स्ट फ्लश म्हणतात, त्यात पाणी मावतं साताठ लिटर! बाकीची घाण सरळ आत. या भावांनी दोनशे लिटरचा ड्रम लावला, पाणी आधी त्यात भरतं, भरला की मगच पुढे रेती-गिट्टीच्या फिल्टर चेंबरकडे वळतं, आणि ड्रमच्या तळाला एक बारीक नळ आहे तो थोडा उघडा ठेवायचा म्हणजे दोन पावसांच्या मध्ये ड्रम आपोआप रिकामा होतो. शिवाय खाली येणाऱ्या पाइपला एक मोठा व्हॉल्व्ह आहे, मे-जूनची वळवाची सर आली की तो उघडा ठेवून पाणी सरळ बाहेर सोडायचं, पावसाळा नीट सुरू होऊन गच्ची एकदा धुवून निघाली की बंद करायचा. यात इलेक्ट्रिक काही नाही, बिघडायला काही नाही.

चेंबर विटांचं, साधारण तीन बाय तीन फूट, सव्वातीन फूट खोल. खाली मोठी गिट्टी, वर बारीक गिट्टी, त्यावर नायलॉनची जाळी आणि वर चाळून धुतलेली जाड रेती. आम्हाला वाटलं होतं ड्रमचा फिल्टर पुरेल, स्वस्त पण पडतो, पण मोठ्या भावाने समजावलं की जोराचा पाऊस तासाला पन्नास मिलिमीटरने पडला तर आमच्या गच्चीवरून तासाला साडेपाच हजार लिटर पाणी येणार, ड्रमच्या तोंडाएवढ्या रेतीतून ते उतरूच शकत नाही, वरून वाहून जातं, आणि ज्या दिवशी पाणी सगळ्यात जास्त असतं नेमक्या त्याच दिवशी फिल्टर वाया जातो. चेंबरचं क्षेत्रफळ ड्रमच्या तिपटीपेक्षा जास्त. आणि एवढं करूनही ओव्हरफ्लोचा पाइप ठेवला आहेच, तो आता नालीत न जाता बागेतल्या शोषखड्ड्यात जातो. चेंबरमधून विहिरीत जाणारा पाइप भिंतीला लागून खाली पाण्याच्या पातळीपर्यंत नेला आहे आणि शेवटी एल्बो, म्हणजे उंचावरून धबाधबा पडून गाळ ढवळत नाही आणि भिंतीच्या विटा झडत नाहीत. हे छोटं काम वाटतं, पण शेजारच्या गल्लीतल्या एकांच्या विहिरीत पाइप वरूनच मोकळा सोडला होता आणि समोरच्या भिंतीला भगदाड पडलेलं मी स्वतः बघितलं.

पहिल्या मोठ्या पावसाच्या रात्री आम्ही सगळे टॉर्च घेऊन विहिरीपाशी. चेंबरमधून पाण्याचा आवाज येत होता आणि खाली पाणी गढूळ न होता चढत होतं. आमच्या विहिरीचा व्यास दहा फूट, बारा फूट पाणी उभं राहिलं तरी सव्वीस-सत्तावीस हजार लिटरच होतात, आणि गच्चीवरून वर्षाला येणारं नव्वद हजार, म्हणजे बाकीचं सगळं जमिनीत मुरलं. कुठे गेलं? शेजारच्यांच्या बोअरला गेलं, समोरच्या कडुनिंबाच्या मुळांना गेलं, थोडं आमच्याच बोअरला आलं. काही लोक विचारतात की मग आपला काय फायदा, पाणी तर सगळ्यांना गेलं. अहो, तोच तर फायदा आहे! यंदा मे महिन्यात आमच्या ओळीतल्या कोणाची मोटर हवा ओढायला लागली नाही, आणि आम्ही टँकर बोलावला नाही.

पाण्याचा फरक कशात दिसला तर कुलरमध्ये. नागपुरात उन्हाळाभर दोन कुलर चालवणाऱ्या बाईला पाण्याचा खारटपणा मीटरशिवाय कळतो. आधी बोअरचं पाणी घालायचो तेव्हा महिनाभरात खसच्या ताट्यांवर पांढरा थर, पंपाच्या जाळीवर चुन्यासारखी खपली, ती चाकूने खरवडून काढायची. यंदा विहिरीचं पाणी घातलं तर थर बसला, पण पातळ, ब्रशने निघणारा. टीडीएसचं (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं) मीटरही लावून बघितलं, पावसाळ्यानंतर आकडा बराच खाली आला होता, उन्हाळा सरत आला तसा थोडा वर चढला. मात्र हे पाणी आम्ही पीत नाही. पिण्याला नळाचंच. ज्यांना प्यायचं आहे त्यांनी आधी सरकारी प्रयोगशाळेत तपासून घ्यावं, नुसतं स्वच्छ दिसतं म्हणून पिऊ नये. विहिरीत ब्लीचिंग टाकायचं प्रमाण हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम, आमच्या विहिरीला भरलेली असताना सत्तर ग्रॅमच्या आसपास लागतं, बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी रात्री विहिरीत सोडायचं आणि सकाळपर्यंत उपसा करायचा नाही. विहिरीवर बारीक जाळी पक्की बसवून घ्या, डासांसाठीही आणि लेकरांसाठीही.

आता जे आवडलं नाही ते. ठरल्यापेक्षा बरेच उशिरा आले, त्यात मे संपायला आला, आमचा जीव टांगणीला. फोन उचलत नाहीत, लहान भाऊ तर अजिबातच नाही, निरोप ठेवावा लागतो. गाळ काढून फाटकाबाहेर ढीग लावला आणि दुसऱ्या दिवशी नेतो म्हणून नेलाच नाही, शेवटी आम्हीच गाडी लावून उचलला, गल्लीतल्या लोकांची बोलणी आम्ही खाल्ली. गाळ नेण्याचं आधीच ठरवून घ्या, पैशासकट. बिल देत नाहीत, साध्या कागदावर हिशोब. आणि चेंबरचं झाकण सिमेंटचं, एकच अख्खं, दोन माणसांशिवाय हलत नाही. रेतीचा वरचा थर पावसाळ्यात दोन-तीनदा इंचभर खरवडून धुवावा लागतो, नाहीतर पाणी उतरत नाही, आणि घरात बहुतेक वेळा सासू-सासरेच असतात, त्यांनी ते झाकण कसं उचलावं? दोन तुकड्यांचं, हँडल असलेलं झाकण करून मागा. आम्ही नंतर वेल्डिंगवाल्याकडून जाळीचं करून घेतलं.

खर्च सगळा मिळून पन्नास हजारांच्या आत बसला, त्यात विहीर साफ करणं हा मोठा भाग, मग चेंबर आणि पाइप, ढाळ दुरुस्तीचा गवंडी वेगळा. शेजाऱ्यांनी विहीर सामायिक म्हणून सफाईचे अर्धे दिले. ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटवर नवीन बांधकामाला हे बंधनकारक आहेच, पण आपले बहुतेक प्लॉट त्याहून लहान, आपल्याला कोणी विचारायला येणार नाही, आपणच करायचं.

माझी मोठी बहीण वेंगुर्ल्याला दिली आहे, तिला फोटो पाठवले तर तिने लगेच विचारलं की आमच्याकडे पण करू का. विहीरवाल्या मोठ्या भावाला विचारलं तर तो प्रामाणिकपणे म्हणाला की समुद्राकडचं मला कळत नाही. मग मीच शोधून वाचलं, आणि तिकडचा प्रश्न आपल्यापेक्षा नाजूक आहे. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पण जांभा दगड चाळणीसारखा, पाणी मुरतं तसंच निघूनही जातं, एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला. आणि किनाऱ्याला जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण खारं जड. समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असलं तर त्याच्या खाली साधारण चाळीस फूट गोड्या पाण्याचा थर टिकतो, म्हणजे उलट बघा, वरची पातळी एक फूट खाली गेली की खालून खारं पाणी चाळीस फूट वर यायला मोकळं. एकदा विहीर मचूळ झाली की तिला परत गोडी यायला किती पावसाळे लागतील सांगता येत नाही. म्हणून ताईला सांगितलं, गच्चीचं-कौलांचं पाणी विहिरीत सोडायचं काम तू आमच्याआधी करायला पाहिजे होतं, आणि कोणी खोल बोअर मारा म्हणाला तर मारू नको, तिथल्या भूजल खात्याच्या माणसाला आधी दाखव. आपल्याकडे उपसा चुकला तर विहीर कोरडी पडते, पुढच्या पावसात भरते. तिकडे चुकला तर समुद्र आत येतो.

आणि आपण समुद्रापासून लांब आहोत म्हणून आपला त्याच्याशी संबंध नाही असं नाही. आमच्या नालीतलं पाणी नाग नदीत, नाग नदी कन्हानला, कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेत (तो नवा पूल बघायला रविवारी आपण गाड्या भरून जातो, तिथेच), पुढे गोसेखुर्द, मग प्राणहिता, गोदावरी आणि शेवटी बंगालच्या उपसागराला, जिथे मुखापाशी कोरिंगाची खारफुटी आहे. नागपूरचं सांडपाणी गोसेखुर्दच्या जलाशयात जातं ही भंडाऱ्याच्या लोकांची तक्रार किती जुनी आहे. भांडेवाडीला शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडी आणि खापरखेड्याच्या वीज केंद्रांना दिलं जातं ही फार चांगली गोष्ट शहराने केली आहे, तेवढं पेंचचं पाणी वाचतं. पण पावसात गच्च्यांचं पाणी नालीत आणि गटार लाइनमध्ये शिरलं की सगळंच एकत्र उसळून नदीत जातं. गच्चीचं पाणी अंगणात मुरवलं की खालच्या गावांचाही तेवढा त्रास कमी होतो, हे मला आधी सुचलं नव्हतं, विहिरीमुळे वाचायला लागले तेव्हा समजलं.

कोणाला करून घ्यायचं असेल तर मार्चमध्येच माणूस ठरवा, एप्रिलमध्ये विहीर, मेमध्ये चेंबर. जूनमध्ये सगळे एकदम जागे होतात आणि मग हे लोक मिळत नाहीत. आमच्या शेजारच्या काकू आता त्यांच्या गच्चीचाही पाइप याच चेंबरला जोडू म्हणताहेत. मोठ्या भावाला विचारलं, तो म्हणाला जोडा, पण मग रेतीचं चेंबर दुसरं करावं लागेल आणि विहिरीत जाणारा पाइप चारऐवजी सहा इंची टाकावा लागेल. दिवाळीनंतर येऊन माप घेतो म्हणाला आहे, मी निरोप आत्तापासूनच ठेवायला सुरुवात केली आहे.